वटवृक्षांचा घाऊक व्यापारी

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पट्ट्यात आजवर जेवढे वटवृक्ष लागले, त्यातले निम्मे मी लावलेत. जमिनीत नव्हे, माईकवर. ज्याचा सत्कार तो वटवृक्ष. ज्याची एकसष्टी तो वटवृक्ष. दूध संस्थेचा चेअरमन वटवृक्ष आणि त्याला पाडून निवडून आलेला नवा चेअरमनही वटवृक्ष. एकदा तर एकाच स्टेजवर सात वटवृक्ष शेजारीशेजारी बसले होते आणि सगळे उन्हात होते, कारण मांडववाल्यानं पुढचं कापड टाकलंच नव्हतं.

मी निवेदक सर्जेराव कऱ्हाटीकर. आडनाव खरं तर वेगळं आहे, पण शेवटी ‘कर’ असल्याशिवाय माणूस विद्वान वाटत नाही, म्हणून गावाचं नाव लावून घेतलं. कऱ्हाटीची आमची जमीन जिराईत. बाजरी आली तर आली. जीभ मात्र बारमाही बागायत. राहतो आता जळोचीत. तिथं आमचं वह्यापेनांचं दुकान आहे, ते बायको राजेश्वरी चालवते. मी दुकानात बसलो की गिऱ्हाईक पेन घ्यायला यायचं आणि भाषण ऐकून रिकाम्या हातानं जायचं, म्हणून तिनंच मला गल्ल्यावरून उठवलं.

निवेदकाचं काम लोकांना सोपं वाटतं. आमच्याकडच्या लग्नात त्याचं मुख्य काम म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांची नावं पुकारणं. दारात गाडी थांबली की मी चालू, “अमुक अमुक यांचं शुभागमन होत आहे, दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!” एखाद्याचं नाव राहिलं तर तो न जेवता परत जातो आणि पुढची पाच वर्षं तोंड दाखवत नाही. तोवर नवरानवरी हातात हार घेऊन ताटकळत उभी असतात, पण त्यांना कोण विचारतो? त्यांची नावं पत्रिकेत छापलेली असतात की.

आणखी एक सांगून ठेवतो. माईक हातात असला की मी ‘आहे’ म्हणतो, माईक खाली ठेवला की ‘हाय’. आत्ता तुमच्याशी बोलतोय ते माईकवरनंच बोलतोय असं समजा.

माझ्याकडचा माल तसा थोडाच होता. मोठ्या माणसाला वटवृक्ष. पुढाऱ्याला दीपस्तंभ, आमच्याकडं समुद्र नाही, आहे ते उजनीचं पाणी, तिथं दीपस्तंभाचं काय काम, असं मला कधी कुणी विचारलं नाही. गेलेल्या माणसाला निखळलेला तारा. आणि नवरीला काळजाचा तुकडा, अंगणातली चिमणी, दारातली तुळस, जे आधी तोंडात येईल ते. एका दिवशी सकाळी एका तात्यांचा दहावा होता आणि दुपारी हेडमास्तरांचा निवृत्तीचा सत्कार. मी भाषण एकच केलं. फक्त दुपारी ‘होते’ म्हणायच्या जागी ‘आहेत’ म्हणालो. दोन्हीकडं लोक रडले. हेडमास्तर जरा जास्तच रडले.

या धंद्यात मला एकच वैरी भेटला आणि तो माझ्याच घरात जन्माला आला. आमची एकुलती एक पोरगी, उत्कर्षा. ती शिकली, बी.एड. झाली आणि बारामतीच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवायला लागली. आता मराठी शिकवायची म्हणजे अलंकार शिकवणं आलं, आणि अलंकार शिकवायचे म्हटल्यावर तिची नजर बापाकडं वळली.

एका रात्री जेवताना म्हणाली, “पप्पा, उपमेला चार गोष्टी लागतात. ज्याला उपमा द्यायची ते उपमेय. ज्याची द्यायची ते उपमान. दोघांत सारखा असलेला गुण, त्याला साधारण धर्म म्हणायचं. आणि सारखा, जसा, परी असा एखादा शब्द. तो शब्द काढून ‘हा म्हणजे तोच’ असं म्हटलं की झालं रूपक. बरोबर?”

“एकदम बराबर,” मी म्हणालो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“मग काल तुम्ही सत्कार केलात ते चेअरमन आणि वटवृक्ष, या दोघांत साधारण धर्म कुठला?”

मी भाकरी मोडत थोडा विचार केला. “दोघंबी एका जागी बसून असत्यात.”

राजेश्वरीला ठसका लागला. उत्कर्षा हसली नाही. “तुम्ही थट्टेवारी नेताय. अहो, एका गोष्टीला दुसरीची उपमा द्यायची तर दोन्ही गोष्टी नीट बघाव्या लागतात. तुम्ही झाडाकडंही बघत नाही आणि माणसाकडंही.”

“आगं, बघायला येळ कुठं असतोय? हिकडं दारात गाड्या थांबलेल्या असत्यात!”

दुसऱ्या दिवशी तिनं माझंच एक वाक्य फळ्यावर लिहिलं. ‘तात्यांच्या जाण्यानं एवढे अश्रू वाहिले की उजनी भरून वाहू लागली. अलंकार ओळखा.’ सगळा वर्ग ओरडला, अतिशयोक्ती! तेवढ्यात एक मुलगी उठली म्हणे, “मॅडम, हे कऱ्हाटीकर काकांचं आहे. आमच्या आजोबांच्या दहाव्याला पण ते हेच म्हणाले. तेव्हा धरण मायनसमध्ये होतं, पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा उघडं पडलं होतं.” वर्ग हसून हसून लोळला. उत्कर्षानं हे मला घरी येऊन सांगितलं आणि मी तिला विचारलं, पोरांना माझं नाव पाठ आहे का मग? माणूस निर्लज्ज असावा, पण इतकाही नसावा.

आता थोडं मागं जातो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उत्कर्षा लहान असताना मी तिला कार्यक्रमांना बरोबर न्यायचो. राजेश्वरी दुकानात, पोरीला ठेवायचं कुठं? पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर तिला बसवायचं आणि आपण माईक धरायचा. एकदा एका सत्काराला माझी गाडी अशी सुटली की थांबायचं नाव नाही. बघतो तर पोरगी स्वतःचा कान धरून ओढतेय. मला वाटलं कान ठणकतोय. भाषण गुंडाळलं, पळत खाली आलो, विचारलं तर म्हणाली, “कान न्हाय दुखत. तुमी थांबावं म्हनून धरला. भात गार झाला.”

तेव्हापासून ती आमची खूण झाली. मी वाहवत गेलो की ती कान धरायची आणि मी दोन वाक्यांत आवरायचो. जमलेल्या कुणाला पत्ता नसायचा, पण आचाऱ्यांना बरोबर कळलं होतं. पहिली जिलेबी ते तिला आणून द्यायचे. मला वाटायचं, माझ्या निवेदनावर खूश होऊन देतात.

पुढं ती शिकायला पुण्याला गेली आणि ती कडेची खुर्ची दुसऱ्या कुणाकुणाला मिळाली. त्या काळातच एका लग्नात मी वरपित्याचं कौतुक करत राहिलो आणि मुहूर्त टळला. भटजींनी माझ्या हातातून माईक हिसकावून घेतला, तर मी त्यांना ज्ञानाचा दीपस्तंभ म्हणून मोकळा झालो. अजून ते भटजी मला बघितलं की घड्याळ बघतात.

तर उत्कर्षाचं लग्न ठरलं. मुलगा पळसदेवचा, ऋषिराज. इंदापुरात ठिबकच्या पाइपांचं दुकान, घरी ऊस, शांत स्वभाव. त्याचे वडील विजयसिंहराव म्हणजे पोलिसातनं निवृत्त झाल्यासारखा ताठ माणूस, प्रत्यक्षात आयुष्यभर शेतीच केलेली. स्थळ आवडलं, मनं जुळली, माघातली तारीख निघाली. मी मनातल्या मनात निवेदन रचायला घेतलं. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात एवढी वर्षं घसा फोडला, आता घरचंच कार्य! असं बोलायचं, असं बोलायचं, की भिगवण रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या भिंतींना पाझर फुटला पाहिजे.

उत्कर्षा माझ्यासमोर येऊन बसली. “पप्पा, माझ्या लग्नात तुम्ही माईक धरायचा नाही.”

मला आधी कळेचना. “म्हंजी? मग नावं कोन पुकारनार?”

“सासरचे इंदापुरातनं निवेदक आणतायत. मीच सांगितलंय त्यांना तसं.”

“आगं पण लोक काय म्हनतील? सर्जेरावाच्या पोरीच्या लग्नात सर्जेराव मुका?”

“अक्षतांच्या आधी दोन मिनिटं बोला. एकच गोष्ट बोला, पण ती माझ्यावर पाहिजे. उपमा द्या, रूपक करा, काहीही करा. फक्त ती दुसऱ्या कुठल्याच पोरीला बसता कामा नये.” तिचा आवाज बारीक झाला. “तुम्ही शेकडो पोरींना काळजाचा तुकडा म्हणालात. त्यातल्या कितीतरी जणींचं नाव तुम्ही चिठ्ठीवर बघून वाचलंत. मी समोरच्या खुर्चीवर बसलेली असायची पप्पा, मी बघितलंय.”

“आन् न्हाय जमलं तर?”

“तर काही बोलू नका. गप्प बसा. मला कळेल.”

“काय कळंल?”

“की तुम्ही माझ्याकडं कधी बघितलंच नाही.”

मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण तिचे डोळे भरले होते. जगात कुणीही मला वाईट निवेदक म्हणालं असतं तर मी त्याला इंगा दाखवला असता. ही तर मी तिचा बाप आहे का नाही, असंच विचारत होती.

मग मी पोरीकडं बघायला लागलो. शब्दशः. ती भाकरी खायची, मी बघायचो. तिला पापुद्रा आधी लागतो. ती पेपर तपासायची, मी दारात उभा. ती वेणी घालायची, मी आरशात.

“आई,” ती एकदा कंटाळून म्हणाली, “पप्पांना सांग, भीती वाटते मला.”

“आवो, काय चाललंय तुमचं?” राजेश्वरीनं विचारलं.

“निरीक्षन,” मी म्हणालो.

आणि त्या निरीक्षणातनं पीक काय आलं? पहिल्या आठवड्यात मी राजेश्वरीला विचारलं, “उत्कर्षा म्हंजी मंद तेवनारी समई, कसं वाटतंय?”

“मंद?” ती म्हणाली. “ही बोलाय लागली की शेजारची म्हस पान्हा चोरती. दुसरं बघा.”

दुसरं म्हणून प्राजक्ताचं फूल काढलं. ते उत्कर्षानंच ऐकलं. “म्हणजे मी सकाळ झाली की गळून पडते?” म्हणाली. मग घरची लक्ष्मी म्हणून बघितलं, तर म्हणाली, हे कॅलेंडरवर असतं. चांदणं, मोरपीस, गुळाचा खडा, सगळं झालं. जे सुचायचं ते आधी कुठल्या तरी मांडवात वापरून झालेलं असायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? एवढी वर्षं मी शब्दांचा श्रीमंत म्हणून मिरवलो आणि घरच्या कार्याला एक शब्द निघेना.

लग्नाच्या आधी देण्याघेण्याचं, मानपानाचं ठरवायला आम्ही दोघं पळसदेवला निघालो. कारखान्यांचा हंगाम जोरात होता. भिगवणच्या अलीकडच्या एका चढावर आमच्यापुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही गच्च, वर टेप असा लावलेला की आमच्या गाडीच्या काचा थरथरत होत्या. चढ संपता संपता ट्रॅक्टर बंद पडला आणि ट्रॉल्या हळूहळू मागं, आमच्या अंगावर यायला लागल्या. “आगं आई गं!” राजेश्वरीनं माझा दंड धरला. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहिला, पण ओझंच एवढं, ऐकतंय कशाला? तेवढ्यात ट्रॅक्टरवरनं एका गड्यानं उडी टाकली, कडेचा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. ट्रॉली कुरकुरली आणि थांबली. टेप चालूच.

“बघा,” राजेश्वरी धाप टाकत म्हणाली, “धूड केवढं, आवाज केवढा, आन् थांबलं कशावर? एवढ्याशा दगडावर.”

मी तिच्यावरच खेकसलो. “गप बस गं जरा! आत्ता कुठं मला चांदन्याची ओळ सुचत हुती, घालवलीस समदी!” बघा, डोळ्यांपुढं मरण येऊन उभं होतं आणि मी चांदणं शोधत होतो.

लग्नाचा दिवस उजाडला तेव्हा माझ्याकडं वाक्य नव्हतं. डोक्याला फेटा, अंगात कडक सफारी, आणि आत नुसता रिकामा पेटारा. मी ठरवून टाकलं होतं, गप्प बसायचं. पण गप्प बसलो तर तिला काय कळणार होतं, ते तिनं सांगूनच ठेवलं होतं.

वरपक्षानं आणलेला निवेदक बघितला आणि कपाळावर हात मारला. कुंडलिक! आवाज भरदार आणि माल सगळा माझा. गेली कित्येक वर्षं हा माझी वाक्यं उचलून इंदापूर तालुक्यात खपवत होता. मी कधी तक्रार केली नाही, कारण ती माझी तरी कुठं होती? घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणत मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

कुंडलिकनं नावं पुकारायला सुरुवात केली. माझे ओठ आपोआप त्याच्याबरोबर हलत होते. एक पाहुणे पुकारायचे राहिले तर मी खुर्चीतनं अर्धा उठलो. राजेश्वरीनं सफारीला धरून खाली ओढलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली. “आणि वधूपिता सर्जेराव कऱ्हाटीकर! निवेदन क्षेत्रातला एक विशाल वटवृक्ष!”

टाळ्या पडल्या. मी तसा एका जागीच बसलो होतो, त्यामुळं साधारण धर्म बरोबर होता. राजेश्वरी तोंडाला पदर लावून हसून गदगदत होती.

वरात आली, ऋषिराज स्टेजवर चढला, मामानं उत्कर्षाला आणून उभं केलं. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा. कुंडलिकनं आवाज खाली आणला, आणि मला पुढचं सगळं कळलं, कारण इथं आवाज खाली आणायचा हे मीच या भागात सुरू केलं होतं.

“आज एक बाप आपल्या काळजाचा तुकडा दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवणार,” तो म्हणाला. “अंगणातली चिमणी भुर्रकन उडून जाणार. आणि उद्या सकाळी हा बाप सवयीनं चहाचे दोन कप भरणार, आणि एक कप तसाच गार होणार.”

हे वाक्य माझं. अक्षर न् अक्षर माझं. कितीतरी मांडवांत मी ते टाकलंय आणि टाकून झाल्यावर आज जेवायला मठ्ठा आहे का, याचा विचार केलाय. आमच्या घरी चहा उत्कर्षा करते, मी आजवर कप विसळलेलासुद्धा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी माझा हुंदका फुटला. असा फुटला की फेटा पुढं आला. माझ्याच शिळ्या मालानं मला रडवलं! ज्या ज्या बापांना मी असं रडवलं ते सगळे मला आठवले. ते माझ्या शब्दांवर रडत नव्हते. त्यांची पोरगी जात होती म्हणून रडत होते, आणि मी घरी जाऊन राजेश्वरीला सांगायचो, आज काय बोललोय म्हणून सांगू!

“वधूपित्यानं दोन शब्द बोलावेत,” कुंडलिक म्हणाला आणि माईक पुढं केला.

मी चढलो. भटजी नेमके तेच, मुहूर्त टळलेले. त्यांनी मला बघितलं आणि घड्याळ बघितलं. मी डोळे पुसत लोकांकडं तोंड केलं. उत्कर्षा माझ्या पाठीमागं उभी होती. तिच्याकडं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

“मंडळी,” मी म्हणालो. पुढं ‘आज या मंगलप्रसंगी’ यायला पाहिजे होतं, ते आलंच नाही. “पोरीनं मला सांगितलंय, पप्पा, माझ्यावर एकच बोला, पर दुसऱ्या कुनाला बसंल असं बोलू नगा. मी लई दिवस हुडकलं. काय गावलं न्हाय.” आणि का कोण जाणे, तो भिगवणचा चढ डोळ्यांपुढं आला. “माझी उत्कर्षा म्हंजी… दगड हाय.”

मागनं एक म्हातारी म्हणाली, “आगं बया!” विजयसिंहराव होते त्याहून ताठ झाले.

“थांबा थांबा, पाहुनं, ऐका तर!” मी घाईघाईनं म्हणालो. “डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर बघितलाय न्हवं समद्यांनी? वर टेप लावलेला. पुढचं मानूस दिसत न्हाय, मागचं ऐकू येत न्हाय, आपलाच आवाज मोठा. चढाला बंद पडला की मागं सुटतो, ब्रेकबी ऐकत न्हाय. मग एक जन उडी टाकतो आन् चाकाखाली दगड लावतो, तवा मागची मानसं वाचत्यात. तसला ट्रॅक्टर म्हंजी मी हाय. तुमी समद्यांनी सोसलंय मला.”

हशा झाला. “व्हय व्हय!” असं चारपाच जण एकदम ओरडले. त्यात विजयसिंहरावही होते.

“मला एवढ्या वर्सांत कुनी थांबवलं? कुनी न्हाय. हिनं थांबवलं. एवढीशी हुती तवापासनं. पहिल्या रांगेत बसायची आन् मी सुटलो की आपला कान धरायची. तुमी आजवर माझ्या कार्यक्रमाला जे गरम जेवला, ते हिच्यामुळं जेवला. आचाऱ्यास्नी इचारा. मला वाटायचं, मी पोरीला संगं नेतोय. तीच मला ताब्यात ठिवत हुती. असलं दुसऱ्या कुठल्या पोरीनं केलं न्हाय, कारन असला बाप दुसऱ्या कुनाला न्हाय.”

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण मी सुटलो. जिलेबीचं सांगितलं, गार भाताचं सांगितलं, भाकरीचा पापुद्रा तिला आधी लागतो हे ऋषिराजला बजावून सांगितलं, नववीच्या वर्गात माझी कशी फजिती झाली तेही सांगितलं. भटजी खोकले. कुंडलिकनं माईककडं हात पुढं केला, मी तो झटकला. मग मी सवयीनं पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीकडं बघितलं. तिथं कुणीतरी संचालक मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

“ती खुर्ची,” मी कसाबसा म्हणालो. “आता तिथं कोन बसनार? ही चालली पळसदेवला. आता मला कोन थांबवनार, सांगा की. मी आपला बोलतच राहीन, बोलतच राहीन, आन् कुनी…”

“आवो, मागं बघा की!” खालनं राजेश्वरी ओरडली. तिच्या गालांवरनं पाणी वाहत होतं. “मागं बघा!”

मी वळलो. उत्कर्षाचा एक हात मामाच्या हातात होता. दुसऱ्या हातानं, कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या हातानं, तिनं मुंडावळी बाजूला सारून स्वतःचा कान धरला होता. ती रडत होती आणि तोंडभर हसत होती, आणि कान ओढत होती.

मी वाक्य तिथंच सोडलं आणि माईक भटजींच्या हातात दिला. अंतरपाट धरला गेला. मुहूर्त टळला नाही. जेवण अगदी गरमागरम होतं, असं त्या दिवशी जाताना सगळे म्हणाले. मला घास गिळवला नाही.